सही कुठं केलीत?

साल १९१३. तुमचं वय बावीस. या प्रवासात साल बदलेल, बोट बदलेल, झेंडा बदलेल. तुम्ही मात्र बावीसचेच राहणार आहात. गाव वाशिष्ठीच्या खाडीवरचं, दाभोळपासून थोडं आत. घरचा भात होळीपर्यंत कसाबसा पुरतो. म्हणून आधी चुलता बोटीवर गेला, मग थोरला भाऊ, आता तुमची पाळी.

कोकणच्या आगबोटीत रात्र काढून तुम्ही भाऊच्या धक्क्याला उतरता आणि डोंगरीत गावाच्या खोलीवर येता. ही खोली जमातीची. भिंतीला ट्रंका लागलेल्या, दोरीवर लुंग्या, कोपऱ्यात चूल. जो बोटीवर गेला त्याची पथारी रिकामी होते आणि जो उतरला तो तिच्यावर आडवा होतो. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचीही अशीच सोय आहे, धोबीतलावला आणि माझगावला. ते तिला कूड म्हणतात. एकेका गावाची एकेक कूड.

खोलीत झोपायला जागा मिळते, वाण्याकडं उधारी मिळते, नोकरी मात्र मिळत नाही. ती मागायला गोदीच्या फाटकाशी उभं राहून उपयोग नसतो, आणि कंपनीच्या साहेबाला तर तुम्ही दिसतच नाही. साहेब सारंगाला सांगतो आणि सारंग माणसं आणतो. सारंगाच्या आणि कंपनीच्या मध्ये घाट-सारंग नावाचा दलाल, शिवाय खोलीवाला आणि सावकार. या प्रत्येकाचा हात ओला केल्याशिवाय तुमचं नाव पुढं सरकत नाही. या पैशाला दस्तुरी असं सभ्य नाव आहे.

“पहिल्या महिन्याचा आगाऊ पगार तुझ्या हातात यायचा नाय,” गावचा सारंग समजावतो. तो नात्यानं तुमचा चाचा लागतो. “तो खोलीवाल्याचा, वाण्याचा नि माझा. दुसऱ्या महिन्यापासून तुझा.”

“आणि घरी काय पाठवू, चाचा?”

“खत पाठव.”

हा माणूस दुष्ट नाही. त्यानंही कधीकाळी असेच पैसे भरले आहेत, आणि आताही घाट-सारंगाला भरतो आहे. तुम्ही आजारी पडलात तर तोच तुमच्या उशाशी बसेल, साहेबापुढं तोच तुमची बाजू मांडेल, आणि काम चुकवलंत तर तोच कानाखाली वाजवेल. बोटीवर त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसाब, सुकाणी आणि खलाशी अशी उतरंड आहे. खाली इंजिनात आगवाले, तेलवाले आणि कोळसा ओढणारे कोयलावाले. वर सलूनमध्ये गोव्याचे बटलर आणि स्ट्यूअर्ड. सगळ्यांच्या तळाशी टोपास, संडास-मोऱ्या धुणारा. या सगळ्यांना मिळून साहेब ‘लस्कर’ म्हणतो. पहिलं महायुद्ध तोंडावर आलेलं असताना ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांवर लस्कर आहेत. दर सहा माणसांत साधारण एक.

सरकारी शिपिंग ऑफिसात तुम्ही रांगेत उभे आहात. शिपिंग मास्तरसमोर करारनामा पसरलेला. कारकून तो घाईघाईनं वाचून दाखवतो आणि तुम्ही मान हलवता. अंगठ्याचा ठसा कागदावर उमटला की पुढचं सारं ठरून जातं: पगार महिना वीस रुपयांच्या आसपास, शिधा म्हणून तांदूळ, डाळ, तूप, सुकी मासळी ठरावीक वजनानं, आणि नोकरीतून मोकळं करायचं ते हिंदुस्थानच्याच बंदरात. शेवटच्या कलमाचा अर्थ आत्ता डोक्यात शिरत नाही. तो लंडनच्या गोदीत शिरेल. तिथं बोट सोडून जास्त पगाराची दुसरी बोट धरावीशी वाटली, तर तुम्ही पळपुटे ठराल आणि तुरुंगात जाल. तेच काम करणाऱ्या, पण लंडनला किंवा लिव्हरपूलला सही केलेल्या गोऱ्या खलाशाला तुमच्या तिप्पट-चौपट पगार आहे. पोलाद, दोर, वादळ, डेक धुवायचा ब्रश, सगळं एकच. फरक सही कुठं केली एवढाच.

आता बोटीवर चढा आणि पुढच्या टोकाला जा. लाटेचा पहिला तडाखा जिथं बसतो तिथं तुमची राहण्याची जागा आहे. कायद्यानं ती मोजून दिलेली आहे: माणशी ३६ घनफूट. म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. कोकणकन्येच्या स्लीपर डब्यातला मधला बर्थ आठवा, बसायला गेलं की डोकं आपटतं तो. त्यात वर्षभराचा संसार मांडायचा. गोऱ्या खलाशाला १८९४ च्या कायद्यानं ७२ घनफूट दिले होते. १९०६ साली ते १२० झाले. तुमचे ३६ तेवढेच राहिले. हिंदी माणसाला दाटीवाटीची सवयच असते, असा युक्तिवाद लंडनमध्ये मोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं करत होती.

तांबडा समुद्र लागला की एकदा खाली भट्टीशी उतरून या. तुमचं काम डेकवरचं, त्यामुळे तिथं जायचं कारण नाही, पण पाहून ठेवा. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर खाली बहुतेक पंजाबी आणि पठाण असतात, कलकत्त्याच्या बोटींवर सिल्हेटचे. लोखंडी शिडी हाताला चटका देते. चार तास काम, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास. कोयलावाला कोठारातून कोळसा ढकलत आणतो, आगवाला भट्टीचं दार उघडतो, खोऱ्यानं कोळसा आत भिरकावतो, राख ओढतो, दार लावतो, दुसरी भट्टी उघडतो. पारा पन्नास अंशांच्या वर. बोट डोलते तसा फावड्यावरचा माणूसही डोलतो, आणि तोल जाईल तर धरायला जे आहे ते सगळं तापलेलं. कुणी कोसळला की त्याला वर आणून बादल्या ओततात. शुद्ध आली तर तो पुढच्या पाळीला पुन्हा खाली. या माणसांना उष्णता बाधत नाही, हेही लंडनमध्येच ठरलेलं होतं. गंमत अशी की काही करारांत अक्षांशाचीही अट असते: हिवाळ्यात अमुक रेषेच्या उत्तरेला लस्करांना नेऊ नये, कारण थंडी त्यांना सोसत नाही. आत काळजी आहे असं वाटतं. पण गोऱ्या खलाशांच्या संघटनांना त्या रेषेपलीकडच्या नोकऱ्या आपल्यासाठी राखून हव्या होत्या, हेही त्यात आहे.

१९२०, जून महिना, इटलीतलं जिनोआ. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जेमतेम वर्षाची आहे आणि तिची दुसरी परिषद फक्त दर्यावर्दींसाठी भरली आहे. तुम्हाला आमंत्रण नाही, सज्जात बसा. किनाऱ्यावरच्या कामगाराला आठ तासांचा दिवस आदल्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये कागदावर मिळालाय. तोच बोटीवर लागू करायचा ठराव इथं मताला येतो आणि आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत अगदी थोडक्यात हुकतं. बोटमालक सुटकेचा निःश्वास टाकतात. तरी हात अगदीच रिकामे राहत नाहीत. बोट बुडाली तर बुडाल्यानंतरच्या बेकारीचा दोन महिन्यांपर्यंतचा पगार द्यावा, असा एक करार होतो. दुसरा तुमच्या फार जवळचा: खलाशाला नोकरी लावून देण्याचा धंदा कुणी नफ्यासाठी करू नये आणि त्याच्याकडून त्यासाठी पैसे घेऊ नयेत. हे साल लक्षात ठेवा, १९२०. चाचाची दस्तुरी, घाट-सारंगाचा हप्ता, खोलीवाल्याचा वाटा, सगळं जिनोआत एका कलमानं कागदावर बेकायदा ठरलं. डोंगरीत कुणाला पत्ताही लागला नाही.

पुढच्याच वर्षी जिनिव्हात अठरा वर्षांखालच्या पोरांना भट्टीवर आणि कोळशाच्या कोठारात लावू नये, असा करार झाला. त्यात खाली एक पोटकलम आहे. फक्त हिंदुस्थान आणि जपान यांच्या किनारी व्यापारातल्या बोटींवर सोळा वर्षांचा पोरगा चालेल, वैद्यकीय तपासणीत उतरला म्हणजे झालं. आंतरराष्ट्रीय करार हातात आला की मी आधी अपवाद वाचतो, ते या पोटकलमामुळं.

हिंदुस्थान सरकारनं १९२२ साली खलाशांच्या भरतीची चौकशी करायला क्लो साहेबाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं स्वच्छ सांगितलं, दलाल काढा आणि सरकारी भरती कचेरी उघडा. मुंबईत अशी कचेरी उघडली ती १९५४ साली. मधल्या बत्तीस वर्षांत बोटमालक म्हणत राहिले की सारंगाशिवाय माणसं मिळायची नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं: इतक्या स्वस्तात मिळाली नसती.

त्याच १९२२ च्या मे महिन्यात लंडनहून मुंबईला निघालेली ‘ईजिप्त’ ही प्रवासी बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून वीसेक मिनिटांत बुडाली. इंग्रजी पत्रांनी लस्करांच्या घबराटीवर रकाने भरले. मेलेल्यांत प्रवासी थोडे होते आणि बोटीवर काम करणारे कितीतरी जास्त. जीव वाचवायला धावणारा माणूस पगारावर असला की त्याच्या धावण्याला वेगळं नाव मिळतं.

आता १९३९ चा सप्टेंबर. तुम्ही लंडनच्या गोदीत आहात. तीन तारखेला युद्ध जाहीर झालंय, रस्त्यांवर काळोख, बोटीच्या खिडक्यांना काळा रंग. गोऱ्या खलाशांना जोखमीचा भत्ता मिळाल्याची बातमी धक्क्यावर पोचायला दोन दिवसही लागत नाहीत. पाणसुरुंग करारनामा वाचून फुटत नाही, हे सगळ्यांनाच कळतं. बोटीत पहिल्यांदाच सारंगाला न विचारता माणसं एकत्र बसतात. डेकवाले कोकणी, खालचे पंजाबी, सलूनवाले गोवेकर. एरवी यांची चूलसुद्धा वेगळी. मागणी साधी आहे: पगार दुप्पट करा, भत्ता द्या, थंडीचे कपडे द्या. तोवर बोट हलणार नाही.

हे एका बोटीवर घडत नाही. लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो आणि थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या बंदरांत, एकमेकांना न भेटलेल्या लस्करांनी त्या शरद ऋतूत काम बंद ठेवलं. लंडनमध्ये सुरत अली नावाचा कार्यकर्ता गोदी-गोदीत फिरत होता आणि कलकत्त्याहून खलाशांचे पुढारी आफताब अली वाटाघाटी करत होते. उत्तर तयारच होतं. कायदेशीर हुकूम मोडणं हा खलाशाच्या बाबतीत फौजदारी गुन्हा. किनाऱ्यावरचा कामगार संपावर गेला तर नोकरी जाते; तुम्ही गेलात तर दंडाधिकाऱ्यापुढं उभे राहता. दुभाषा विचारतो, बोटीवर परत जाणार का? तुम्ही नाही म्हणता. शेकडो लस्कर त्या हिवाळ्यात ब्रिटनच्या तुरुंगांत होते. कित्येकांना तुरुंगाची कोठडी बोटीपेक्षा ऐसपैस वाटली असेल, हा माझा अंदाज. बाकी सगळं कागदोपत्री आहे.

संप फुकट गेला नाही. आधी पाव हिस्सा वाढ, मग आणखी, युद्ध लांबलं तशी आणखी. गोऱ्या खलाशाची बरोबरी मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

१७ सप्टेंबर १९४०, रात्रीचे दहा. उत्तर अटलांटिक. ‘सिटी ऑफ बनारस’ लिव्हरपूलहून कॅनडाकडं निघाली आहे. बोटीवर ९० इंग्रज मुलं आहेत, बॉम्बवर्षावापासून लांब पाठवलेली. त्यांना आइस्क्रीम वाढणारे, त्यांच्या खोल्या झाडणारे, भट्टी पेटती ठेवणारे, दोर ओढणारे तुम्ही दीडशेहून जास्त हिंदी माणसं. चार दिवसांत मुलांनी तुमच्या पगड्या आणि निळे सदरे पाहून घेतले आहेत आणि तुमच्यातल्या काहींना ती नावानं हाक मारू लागली आहेत.

जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो मागच्या बाजूला बसतो. सोसाट्याचा वारा, गारा. तुमच्या अंगात सुती कपडे आहेत. गरम कपड्यांचा मुद्दा आदल्या वर्षी मांडून झाला होता. होड्या सोडताना कलंडतात, काही कमरेपर्यंत पाण्यानं भरतात. तुम्ही त्यातल्या एकीत बसता, पाण्यात पाय बुडवून, शेजाऱ्याच्या पाठीला पाठ लावून. मध्यरात्रीनंतर शेजारी बोलायचा थांबतो. पहाटेपर्यंत होडीत किती जण उरले ते मोजायचं काम कुणी अंगावर घेत नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ९० पैकी ७७ मुलं गेली. तुमच्यातले शंभरावर गेले.

एक होडी, बारा नंबरची, कोरडी उतरली आणि बचाव जहाजाच्या नजरेतून सुटली. तिच्यात ४६ माणसं होती: सहा मुलं, मुलांबरोबर आलेली पियानो शिकवणारी एक बाई, एक पाद्री, काही गोरे कामगार-अधिकारी, आणि बाकी तीसेक लस्कर. घोटघोट पाण्यावर आठ दिवस. विमानानं पाहिलं म्हणून ती वाचली. या होडीवर पुढं पुस्तकं निघाली. त्यांत बाईचं नाव आहे, मुलांची नावं आहेत, त्यांनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टीसुद्धा आहेत. होडीतले बहुसंख्य लोक बहुतेक ठिकाणी आकडा म्हणून येतात.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६६०० हिंदी दर्यावर्दी मेले. मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांच्या स्मृतीची नोंद आहे. मुंबईत राहून तिथं कधीच न गेलेले लाखो लोक आहेत, मीही त्यात बरीच वर्षं होतो.

युद्धानंतरची सालं भरभर उलटू या. भारत स्वतंत्र झाला, भरती कचेरी आली, यादी आली, पाळीनं बोलावणं आलं, संघटनेचा करार आला. कोळसा जाऊन तेल आलं. पण याच काळात बोटमालकांची एक युक्ती फोफावली. पूर्वी खलाशी कुठं सही करतो ते पाहत. आता बोटच सही करायला लागली. मालक ग्रीसचा, कर्ज देणारी बँक जर्मनीची, माल चीनचा, आणि शेपटीवर झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा. ज्याचा झेंडा त्याचा कायदा, आणि ज्याचा कायदा मऊ त्याच्याकडं गर्दी. ज्याला समुद्रकिनाराच नाही त्या मंगोलियाचाही झेंडा बोटींवर फडकतो. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे आयटीएफनं, १९४८ पासून या सोयीच्या झेंड्यांविरुद्ध मोहीम चालवली आहे. ती अजून चालू आहे, यावरून काय ते समजा.

२३ फेब्रुवारी २००६, जिनिव्हा. पुन्हा सज्जात बसा. या वेळी दृश्य बरं आहे. सागरी कामगार करार, बोटीवरच्या लोकांच्या तोंडी एमएलसी, ३१४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर होतो. १९२० पासूनचे विखुरलेले ३७ करार एकत्र करून बनवलेला हा एकच दस्तऐवज. कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७. सलग बारा महिन्यांच्या आत घरी पाठवायचं, मालकाच्या खर्चानं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्या देशानं हा करार मानलेला नाही त्याच्याही बोटीची तपासणी करायचा अधिकार करार मानलेल्या बंदराला. झेंड्याच्या पळवाटेला इथं खरा अडसर बसला. करार लागू झाला २० ऑगस्ट २०१३ ला. भारतानं मान्यता दिली ९ ऑक्टोबर २०१५ ला.

समान कामाला समान मोबदला, मग माणूस कुठल्याही वंशाचा असो, हे वाक्यही त्यात आहे. पान उलटून पाहा: ते बंधनकारक भागात नाही, मार्गदर्शक भागात आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना एका धंद्यापुरता जागतिक किमान पगार ठरवते तो याच धंद्यात. साध्या अनुभवी खलाशाला २०२६ च्या जानेवारीपासून महिना ६९० डॉलर. त्याच्या वर कोण किती घेतो हे अजूनही बरंचसं पासपोर्टवर ठरतं.

२०२०, जून. तुम्ही ‘जग आनंद’वर आहात. भारतीय झेंड्याची, मुंबईच्या कंपनीची बोट, तेवीस भारतीय. तुमचं नाव चोविसावं धरा. ऑस्ट्रेलियाचा सुमारे १ लाख ७० हजार टन कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकलाय. ऑस्ट्रेलिया आणि चीनचं बिनसलंय, त्यामुळं माल उतरवायला परवानगी नाही. करोना आहे, त्यामुळं माणसं बदलायलाही नाही. बोट घेऊन निघून जायलाही नाही. करार संपून गेलेत. शंभर वर्षांपूर्वी तुमची बोट कोळसा जाळत होती. आता तुम्ही त्याच्या ढिगावर बसून आहात.

इथं ३६ घनफूट नाहीत. केबिन स्वतंत्र आहे, न्हाणीघर आहे, फोनला कधीमधी रेंज येते. विश्रांतीच्या तासांचा तक्ता भिंतीवर लागलेला आहे आणि तुम्ही तो रोज भरता. हा तक्ता बहुतेक बोटींवर कसा भरला जातो हे स्वीडनमधल्या वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीनं त्याच वर्षी एका अहवालात मांडलं: काम किती झालं ते पाहून नव्हे, कायदा किती म्हणतो ते पाहून. तुम्ही ऑगस्टमध्ये भरता, दिवाळीतही भरता. आई व्हिडिओवर विचारते, “कधी येतोस रे?” तुम्ही कप्तानाला विचारता, कप्तान कंपनीला, कंपनी दिल्लीला, दिल्ली बीजिंगला. मागं मागं जाणारी ही साखळी घाट-सारंगाच्या साखळीपेक्षा लांब आहे, मात्र इथं कुणी लाच मागत नाही, कारण कुणाच्याच हातात काही नाही. अखेर जानेवारी २०२१ मध्ये बोटीला नांगर उचलू दिला आणि जपानच्या चिबा बंदरात माणसं उतरली. २०२० च्या अखेरीस जगभरच्या बोटींवर करार संपूनही अडकलेले दर्यावर्दी सुमारे चार लाख होते. बाकीचं जग घरात कोंडलं गेलं होतं तेव्हा घराघरांत पोचलेला बहुतेक माल यांनीच आणला.

एवढ्यावर सुटलात म्हणजे नशीबवान, कारण तुमची कंपनी तुमचा फोन तरी उचलत होती. त्याच जानेवारीत ‘इबा’ नावाची एक छोटी तेलवाहू बोट दुबईजवळ उम्म अल कुवैनच्या पुळणीवर येऊन टेकली. मालक हात वर करून मोकळा झालेला. तिच्यावर पाच माणसं होती, त्यांत भारतीयही होते, आणि पगार अडीच वर्षांहून जास्त थकलेला. बोट सोडून का गेले नाहीत? कारण बोट हीच त्यांच्या पगाराची हमी होती. ती विकली तर पैसे मिळणार, आणि माणसं उतरली तर दावा ढिला पडणार. यावर उपाय म्हणून एमएलसीत दुरुस्ती झालेली आहे आणि ती जानेवारी २०१७ पासून लागू आहे: दोन महिने पगार थकला तरी ‘बोट सोडून दिली’ असं मानता येतं, आणि चार महिन्यांच्या पगाराची व घरी परतण्याच्या खर्चाची विमाहमी बोटीवर लावलेली असायलाच हवी. ज्या बोटीवर तो दाखला असतो तिथं तो उपयोगी पडतो. आयटीएफच्या नोंदीप्रमाणं २०२४ या एका वर्षात ३१२ बोटी आणि ३१३३ माणसं अशी वाऱ्यावर सोडली गेली. देशवार पाहिलं तर त्यांत सर्वांत जास्त भारतीय.

ही माणसं तिथं पोचली कशी, हे विचारत मागं गेलात तर बऱ्याचदा एका टेबलाशी येऊन थांबता. आता साल आजचं आहे आणि तुम्ही बावीसचेच. टेबल बेलापूरच्या एखाद्या इमारतीत असेल, नाहीतर रत्नागिरीत, मडगावात, पाटण्यात. समोरचा माणूस गोड बोलतो, तुमच्या बापाला ‘काका’ म्हणतो. बोट दुबईत उभी आहे, व्हिसा तयार आहे, अमुक लाख आधी, उरलेले चढताना. काकांनी आंब्याच्या कलमांचा तुकडा गहाण ठेवलाय. चाचा निदान तुमच्याबरोबर बोटीवर तरी येत असे.

तेव्हा सही करण्याआधी एवढं करा. भारतात खलाशी भरती करणाऱ्या कंपनीला आरपीएसएल परवाना लागतो. तो नंबर मागा आणि नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. बोटीचं नाव पुरेसं नाही, नावं रात्रीत बदलतात. तिचा सात आकडी आयएमओ नंबर घ्या, तो बदलत नाही. झेंडा कुणाचा आणि विमा कुणाचा ते विचारा. पर्यटक व्हिसावर बोटीला पाठवतो म्हणाला तर खुर्ची सोडा. वैद्यकीय दाखला, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमचा; व्हिसाचा मात्र तुमचा नाही. नोकरी लावण्याचे म्हणून एक रुपयाही कुणाला द्यायचा नसतो, हे जिनोआत १९२० साली ठरलं आणि जिनिव्हात २००६ साली पुन्हा ठरलं. पैसे मागितले की पावती मागा. तो पावती देणार नाही. तुम्ही सही देऊ नका.